रीतसर अटक

इथं हे वाचणारं कुणीही असो, तिथं गेल्यावर तुम्ही बाई आहात. घोट्यापर्यंतचा जाड लोकरी झगा, हातमोजे, हनुवटीखाली रिबिनीनं बांधलेली टोपी. तारीख १८ नोव्हेंबर १८७२, वार सोमवार. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात घोड्यांच्या ट्राममध्ये तुम्ही बसल्या आहात आणि थंडीनं पाय आखडलेत.

समोरच्या बाकावर एक बाई आहेत. वय बावन्न. केस मधोमध भांग पाडून चापून बसवलेले, जबडा घट्ट, पाठ ताठ. शेजारी उंच टोपीतला एक गृहस्थ, नजर कुठं ठेवावी ते न कळलेला. कंडक्टर भाडं मागायला येतो. बाई सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगतात की आपण सरकारी खर्चानं प्रवास करतो आहोत, हे गृहस्थ आपल्याला तुरुंगाकडे नेत आहेत, तेव्हा भाडं त्यांच्याकडे मागावं.

या सुझन बी. अँथनी. शेजारचे गृहस्थ म्हणजे अमेरिकन सरकारचे डेप्युटी मार्शल इलायशा केनी. गुन्हा असा की तेरा दिवसांपूर्वी या बाईंनी मत दिलं.

थोडं मागं सरकून मॅडिसन स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरात जाऊ. दिवाणखान्यात केनी बसलेत. हवा छान आहे म्हणतात, घसा खाकरतात, पुन्हा गप्प होतात. शेवटी सांगतात की कमिशनर स्टॉर्स यांना तुम्हाला भेटायचंय. कशासाठी? अटक करण्यासाठी. पुरुषांना तुम्ही अशीच अटक करता का, असं सुझनबाई विचारतात. नाही, असं केनींना कबूल करावं लागतं. मग मला रीतसर अटक करा, असा त्या आग्रह धरतात. खिशातून वॉरंट निघतं, वाचलं जातं. कपडे बदलायचेत म्हटल्यावर केनी पुन्हा शिष्टाचारावर येतात: तुम्ही सावकाश तयार व्हा, सवडीनं आपल्या आपण या. सुझनबाई ठाम नकार देतात. मी स्वतःला पकडून कोर्टात नेणार नाही, ते काम तुमचं. केनी थांबतात.

सगळा झगडा या दिवाणखान्यातच आहे. राज्यव्यवस्थेला या बाईंशी अदबीनं वागायचं होतं. बाईंना नागरिक म्हणून वागवून घ्यायचं होतं. गुन्हेगार ठरवा, पण नागरिक म्हणून ठरवा. पुढच्या सात महिन्यांत त्यांना जेवढी अदब दाखवली गेली, तेवढ्या वेळा त्यांचा रस्ता अडला. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. बरोबर चला आणि स्वतः बघा.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. आठव्या वॉर्डातलं न्हाव्याचं दुकान. साबणाचा आणि तंबाखूचा वास. आज इथं वस्तरा बाजूला आहे आणि मतदारांची नोंदणी चाललीय. टेबलामागे तिघे निरीक्षक बसलेत: बेव्हर्ली जोन्स, एडविन मार्श, विल्यम हॉल. दार उघडून सुझनबाई तीन बहिणींसह आत येतात. थोरली ग्वेल्मा, आजारानं खंगलेली. मग हॅना. मग सर्वांत धाकटी मेरी, शाळेची मुख्याध्यापिका. त्या दिवशी सकाळच्या वर्तमानपत्रानं नागरिकांना आवाहन केलेलं असतं की नावं नोंदवा, ही संधी दवडू नका. सुझनबाईंनी ते आवाहन स्वतःला उद्देशून आहे असं धरलं आणि घराबाहेर पडल्या.

निरीक्षक गोंधळतात. सुझनबाई चौदावी घटनादुरुस्ती वाचून दाखवतात. १८६८ची ही दुरुस्ती गुलामीतून सुटलेल्यांना नागरिकत्व देण्यासाठी झालेली. अमेरिकेत जन्मलेली किंवा रीतसर नागरिक झालेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे आणि नागरिकाचे हक्क कुठल्याही राज्यानं कापू नयेत, असं ती सांगते. त्यांचा सवाल एवढाच की बाई ही व्यक्ती आहे की नाही? असेल तर ती नागरिक, आणि नागरिकाचा मताहून मोठा हक्क कोणता? निरीक्षक एकमेकांकडे बघतात. मग दोन गोष्टी त्या एका दमात सांगतात. नाव घेतलं नाहीत तर तुमच्यावर वैयक्तिक दावा लावीन. आणि नाव घेतल्यामुळे तुमच्यावर खटला झाला तर त्याचा खर्च मी सोसेन. नावं लिहिली जातात.

बातमी संध्याकाळपर्यंत शहरभर होते. पन्नासाच्या आसपास बायका वेगवेगळ्या वॉर्डांत नावं नोंदवतात. मतदानाच्या दिवसापर्यंत बाकी वॉर्डांतले निरीक्षक कच खातात. आठवा वॉर्ड तेवढा टिकतो.

५ नोव्हेंबर, सकाळी सात. आज अध्यक्षपदासाठी युलिसिस ग्रँट आणि होरेस ग्रीली यांच्यात लढत आहे. तुमचं नाव यादीत नाही, म्हणून कोपऱ्यात उभ्या राहून बघा. गुप्त मतदानाची सरकारी मतपत्रिका अमेरिकेत यायला अजून पंधरा-सोळा वर्षं आहेत. चिठ्ठ्या पक्षच छापतात. आपल्या पक्षाची चिठ्ठी घडी घालून निरीक्षकाच्या हाती द्यायची आणि ती पेटीत टाकायचं काम त्याचं. म्हणजे मत हे दुसऱ्याच्या हातून पेटीत पडतं, आणि कायदा मोडला असेल तर त्या हातांनीही मोडलेला असतो. निवडणुकीवर नजर ठेवणारा एकजण आक्षेप घेतो. सुझनबाई शपथ घेतात, आपण मतदार असल्याचं सांगतात. जोन्स चिठ्ठ्या घेतो आणि पेट्यांत टाकतो. सुझनबाईंनी रिपब्लिकन पक्षाला मत दिलं. स्त्रियांच्या मागणीचा आदरपूर्वक विचार करू, असं त्या पक्षानं त्या वर्षीच्या जाहीरनाम्यात म्हटलं होतं. त्या वॉर्डात त्यांच्यासह पंधरा बायकांनी मत दिलं.

आता ट्राममधून उतरा. कमिशनरच्या कचेरीत सगळ्या पंधराजणींना आणलंय. अंधारी, मळकट खोली. सुझनबाई तिच्यावरून नजर फिरवतात, कारण तिचा इतिहास त्यांना ठाऊक आहे. यादवी युद्धाआधी दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांची तपासणी याच खोलीत व्हायची आणि त्यांना मालकांच्या हवाली केलं जायचं. अँथनी कुटुंब क्वेकर पंथाचं, गुलामीविरोधी. रॉचेस्टरबाहेरच्या त्यांच्या शेतावर रविवारी जमणाऱ्यांत फ्रेडरिक डग्लस असायचे. युद्धकाळात गुलामी रद्द करण्याच्या मागणीसाठी सुझनबाई आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी चार लाखांच्या घरात सह्या गोळा केल्या होत्या. त्याच खोलीत त्या आज आरोपी आहेत. ज्या कायद्याखाली खटला भरलाय तो १८७०चा. काळ्या मतदारांच्या हक्काला संरक्षण देण्यासाठी केलेला. त्यातलं बेकायदा मतदानाचं कलम आता एका बाईवर वापरलं जातंय. ५०० डॉलर दंड किंवा ३ वर्षं कैद होऊ शकते.

जामीन ५०० डॉलर. चौदाजणी भरतात. सुझनबाई नाही म्हणतात.

हा निव्वळ हट्ट नव्हता. जामीन न देता तुरुंगात गेलं की, बेकायदा डांबलंय म्हणून थेट वरच्या कोर्टात दाद मागता येते आणि बाईच्या मताचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेता येतो. तुरुंग हा त्यांच्या हिशेबात वरच्या कोर्टाचा जिना होता. जानेवारी १८७३ मध्ये ऑल्बनीला न्यायाधीश हॉल यांच्यासमोर त्या उभ्या राहतात. जामिनाची रक्कम १००० डॉलरवर जाते. त्या पुन्हा नकार देतात. आणि त्यांचे वकील हेन्री सेल्डन स्वतःच्या खिशातून पैसे भरून टाकतात.

सेल्डन हे राज्याच्या अपील न्यायालयाचे माजी न्यायाधीश. रॉचेस्टरचे इतर वकील बाईंचं प्रकरण ऐकूनही घेईनात तेव्हा यांनीच घटना उघडून बघितली आणि तुम्हाला मताचा हक्क आहे असं मत दिलं. मनाचा निर्मळ माणूस. सुझनबाई बाहेर येतात आणि त्यांचे दुसरे वकील व्हॅन व्हूरिस त्यांना सांगतात की झालं, आता सर्वोच्च न्यायालयाची वाट बंद. त्या उलट्या पावली आत धावतात. उशीर झालेला असतो. ज्या स्त्रीबद्दल मला आदर आहे तिला तुरुंगात जाताना मला बघवलं नसतं, असं सेल्डन म्हणतात. त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. त्यांनी चूक केली हे त्यांना त्या क्षणीही पटत नाही. प्रेमानं केलेलं असं नुकसान भरून काढणं फार कठीण, कारण त्यावर रागावताही येत नाही.

मग त्या वेगळा रस्ता काढतात. खटला मन्रो काउंटीत चालणार, ज्युरी तिथलेच पुरुष. काउंटीत टपाल कचेऱ्यांचे २९ भाग. सुझनबाई प्रत्येक भागात जाऊन भाषण देतात. विषय एकच: अमेरिकन नागरिकानं मत देणं हा गुन्हा आहे काय? तुम्ही एखाद्या शाळेच्या खोलीत मागच्या बाकावर बसा. वक्त्याचा आव नाही, हातवारे नाहीत. आवाज खणखणीत. वाक्यामागून वाक्य, मुद्द्यावर मुद्दा. कर भरताना बाई नागरिक असते, फाशी जाताना असते, मग पेटीसमोर आली की ती कोण होते? समोर बसलेले शेतकरी हाताची घडी सोडत नाहीत, पण उठूनही जात नाहीत. सरकारी वकील रिचर्ड क्राउली यांना चिंता पडते की या काउंटीत आता बाईंना दोषी ठरवणारी ज्युरी मिळायची नाही. खटला शेजारच्या ऑन्टारिओ काउंटीत हलवला जातो. सुझनबाई तिकडे जाऊन २१ ठिकाणी बोलतात, त्यांच्या सहकारी मटिल्डा जॉस्लिन गेज १६ ठिकाणी.

१७ जून १८७३, कॅनंडेग्वा. तळ्याकाठचं गाव, घुमटाची कोर्टाची इमारत. आत पाय ठेवायला जागा नाही. प्रेक्षकांत एका चेहऱ्याकडे लोक वळून बघताहेत. ते अमेरिकेचे तेरावे अध्यक्ष मिलर्ड फिलमोर. पळालेल्या गुलामांना परत धाडण्याच्या १८५०च्या कायद्यावर सही यांनीच केली. ही आठवण मनात ठेवा, उद्या लागेल.

न्यायासनावर वॉर्ड हंट. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, नेमणूक अगदी ताजी. त्या काळी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फिरतीवर येऊन असे खटले चालवत. समोर बारा पुरुष ज्युरी. क्राउली उठतात आणि सांगतात की ५ नोव्हेंबरला मिस अँथनी यांनी मत दिलं आणि त्या वेळी त्या स्त्री होत्या, याबद्दल तरी वाद नसावा. दुकानातला जोन्स साक्षीला येतो. होय, मी चिठ्ठ्या घेतल्या, पेट्यांत टाकल्या. सेल्डन आता सुझनबाईंना साक्षीला बोलावू पाहतात. क्राउली हरकत घेतात, न्यायाधीश ती मान्य करतात. फेडरल कोर्टात फौजदारी आरोपीला स्वतःच्या बाजूनं साक्ष देता येत नाही, असा तेव्हाचा नियम. मात्र त्या आधीच्या चौकशीत काय म्हणाल्या हे सरकारपक्षाचा माणूस येऊन सांगतो आणि तो पुरावा धरला जातो.

सेल्डन जवळजवळ तीन तास बोलतात. हेच कृत्य अशाच परिस्थितीत या बाईंच्या भावानं केलं असतं तर ते नुसतं निर्दोष नव्हे, गौरवास्पद ठरलं असतं. गुन्हा कृत्यात नाही, करणारी बाई आहे यात आहे. क्राउली उत्तर देतात. आता ज्युरीकडे प्रश्न जाणार.

आणि न्यायाधीश हंट खिशातून एक कागद काढतात. निकाल लिहूनच आणलेला आहे. चौदावी दुरुस्ती बाईला मताचा हक्क देत नाही, तो राज्याचा प्रश्न. आरोपीनं मत दिलं हे सिद्ध आहे. म्हणून ज्युरीनं दोषी असा निर्णय द्यावा, असा मी आदेश देतो. सेल्डन तडक उभे राहतात. प्रत्येक ज्युरीला त्याचं मत विचारा अशी मागणी करतात. नाही, असं म्हणून हंट ज्युरीला मोकळं करतात. बाराजण उठतात आणि निघून जातात. त्यांच्यापैकी कुणी एक शब्द बोललेला नाही. बाईला नागरिकाचा हक्क आहे की नाही याचा निकाल लावताना, पुरुषांना असलेला हक्कही त्या न्यायाधीशांनी बाजूला सारला. हा प्रसंग वाचताना मला दरवेळी संताप येतो.

दुसरा दिवस. फेरखटल्याचा अर्ज फेटाळला गेलाय. हंट विचारतात की शिक्षा का सुनावू नये याबद्दल कैद्याला काही सांगायचं आहे का. विचारण्याची रीत असते म्हणून विचारतात.

सुझनबाई उभ्या राहतात. होय, सांगायचं आहे. तुमच्या या आदेशानं माझा प्रत्येक हक्क पायदळी तुडवला गेलाय, मी नागरिक होते, ती आता प्रजा झाले आहे. हंट थांबवतात: वकिलांनी हे सगळं मांडून झालंय. त्या म्हणतात की मी वाद घालत नाही, शिक्षा का देऊ नये याची कारणं देते आहे. कोर्ट हे चालू देणार नाही. त्या बोलतच राहतात. माझ्या बरोबरीच्या माणसांकडून माझा न्याय व्हायला हवा होता. पण कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातल्या पुढाऱ्यापासून न्यायासनापर्यंत इथला एकही पुरुष माझ्या बरोबरीचा नाही. प्रत्येकजण माझा राज्यकर्ता आहे, माझे वकीलसुद्धा. कैद्यानं खाली बसावं. त्या उभ्याच. हंट म्हणतात की कायद्याच्या प्रस्थापित रीतीनुसारच खटला झाला आहे. होय, पण ती रीत पुरुषांनी केली, पुरुषांनी तिचा अर्थ लावला, पुरुषांनी राबवली, पुरुषांच्या बाजूनं आणि बायकांच्या विरुद्ध.

आणि आता फिलमोर यांच्या सहीच्या त्या कायद्याची वेळ येते. काही वर्षांमागे, त्या सांगतात, याच प्रस्थापित रीतीनं असं ठरवलं होतं की कॅनडाच्या वाटेवर धापा टाकत असलेल्या गुलामाला घोटभर पाणी, भाकरीचा तुकडा, रात्रीचा आसरा दिला तर १००० डॉलर दंड आणि ६ महिने कैद. ज्याच्या अंगात माणुसकीचा थेंब होता त्यानं तो कायदा मोडला. गुलामांना जसा कायद्याला वळसा घालून आपला हक्क घ्यावा लागला, तसाच बायकांना घ्यावा लागेल. मी माझा घेतला.

कैद्यानं खाली बसावं. अखेर त्या बसतात, आणि लगेच शिक्षा ऐकण्यासाठी पुन्हा उभं राहायला सांगितलं जातं. १०० डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च.

या अन्याय्य दंडातला एक डॉलरही मी भरणार नाही, असं त्या तिथल्या तिथे सांगतात. माझी सगळी मालमत्ता म्हणजे १०,००० डॉलरचं कर्ज. ‘द रेव्होल्यूशन’ हे पत्र चालवताना झालेलं. मी जे केलं ते बायकांना शिकवण्यासाठीच ते पत्र होतं. ते कर्ज मी पै न् पै फेडीन, पण हा दंड नाही. (ते कर्ज त्यांनी गावोगाव भाषणं देऊन खरोखरच फेडलं. सहा वर्षं लागली.)

न्यायाधीशांचं उत्तर नीट ऐका. इतका वेळ ते ‘कैदी’ म्हणत होते, आता ‘बाईसाहेब’ म्हणतात. बाईसाहेब, दंड भरेपर्यंत तुम्हाला तुरुंगात ठेवावं असा आदेश हे कोर्ट देणार नाही.

खोलीत काहीजणांना सुटल्यासारखं वाटतं. सुझनबाईंना त्याचा अर्थ त्याच क्षणी कळतो. दंड न भरल्याबद्दल तुरुंग असता तर वर दाद मागता आली असती. केनींनी सवडीनं या म्हटलं, सेल्डन यांनी जामीन भरला, हंट यांनी तुरुंग टाळला. पहिल्यात संकोच होता, दुसऱ्यात माया, तिसऱ्यात कायद्याची पक्की जाण. परिणाम तिन्हींचा सारखाच.

निरीक्षकांवरही खटला झाला. प्रत्येकी २५ डॉलर दंड. जोन्स आणि मार्श यांनीही तो भरला नाही आणि त्यांना मात्र १८७४ मध्ये तुरुंगात टाकण्यात आलं. पुरुष होते ना. वॉर्डातल्या बायकांनी त्यांना कोठडीत जेवण पोचवलं, अध्यक्ष ग्रँट यांनी माफी दिली. सुझनबाईंनी खटल्याच्या कामकाजाच्या ३००० प्रती छापून वाटल्या. ज्युरीशिवाय झालेला हा दंड रद्द करा, असा अर्ज काँग्रेसकडे केला. तो रद्द झाला नाही. १८७५ मध्ये मिझुरीच्या व्हर्जिनिया मायनर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की बाई नागरिक आहे, पण नागरिक असणं म्हणजे मतदार असणं नव्हे. आता घटनादुरुस्तीशिवाय गत्यंतर उरलं नाही. जानेवारी १८७८ मध्ये सिनेटर सार्जंट यांनी ती मांडली आणि पुढं दरवर्षी सुझनबाई वॉशिंग्टनला येऊन समित्यांपुढं तेच तेच बोलत राहिल्या.

मार्च १८८८. वॉशिंग्टनचं ऑल्बॉ ऑपेरा हाउस. सेनेका फॉल्सच्या पहिल्या स्त्रीहक्क परिषदेला ४० वर्षं झाली म्हणून जगभरच्या स्त्रियांची परिषद भरलीय. अध्यक्षीय काम सुझनबाई आणि स्टँटनबाई पाहताहेत. त्या गर्दीत पांढऱ्या लुगड्यातली, केस बारीक कापलेली एक बाई दिसली की तुमचं काळीज हलेल. आपल्या पंडिता रमाबाई. वयाची तिशी अजून पुरी व्हायची आहे. दोन वर्षांपूर्वी आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला म्हणून त्या फिलाडेल्फियाला आल्या. आनंदीबाई पुण्याला परतून गेल्या वर्षी वारल्यासुद्धा. रमाबाई राहिल्या, विधवांच्या शाळेसाठी निधी गोळा करत देशभर हिंडल्या, आणि भारताच्या वतीनं या परिषदेत बोलल्या. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिलं आणि अमेरिकेतल्या बायकांनी हक्कांसाठी काय काय सोसलं ते मराठीत आणलं.

त्याच सुमाराला मुंबईत रखमाबाईंचं प्रकरण चालू होतं. मार्च १८८७ मध्ये हायकोर्टानं निकाल दिला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंग. तुरुंग पत्करीन, असं त्यांनी सांगितलं. रमाबाईंनी इंग्रजी पुस्तकातून ही हकिगत अमेरिकेला ऐकवली होती. दोन गोष्टींत अंतर आहे: रॉचेस्टरच्या बाई तुरुंग मागत होत्या कारण तो वरच्या कोर्टाचा रस्ता होता, मुंबईच्या रखमाबाईंपुढं तुरुंग ही धमकी होती. पण या सभागृहात बसून रमाबाईंकडे बघताना दोघींची आठवण एकदम आल्यावाचून राहत नाही.

आणखी एक भेट टाळून चालणार नाही. सुझनबाईंवर माझा जीव आहे, म्हणूनच.

त्यासाठी आधी थोडं मागं जाऊ. १८६९च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका सभेत फ्रेडरिक डग्लस त्यांच्यासमोर उभे होते. पंधराव्या दुरुस्तीनं काळ्या पुरुषांना मत मिळणार होतं, स्त्रियांना नाही. आमच्या लोकांना दिव्यांच्या खांबांना लटकवलं जातंय, आमचा प्रश्न जीवनमरणाचा आहे, असं डग्लस कळवळून सांगत होते. सर्वांना एकदम देणार नसाल तर आधी सर्वांत बुद्धिमानांना द्या, स्त्रियांचा प्रश्न आधी घ्या, असं सुझनबाईंनी उत्तर दिलं. चळवळ तिथं दुभंगली. १८९५ मध्ये मताधिकार संघटनेचं अधिवेशन प्रथमच दक्षिणेत, अटलांटाला भरलं, तेव्हा त्यांनी डग्लस यांना येऊ नका असं सुचवलं. गोऱ्या यजमानणींना अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून. सेनेका फॉल्सच्या सभेत मताच्या ठरावाला उचलून धरणारा हा माणूस. ज्या अदबीचा काच सुझनबाईंनी स्वतः भोगला होता तीच त्यांनी मित्राच्या वाट्याला दिली. त्याच फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या एका सभेत त्या स्वतः डग्लस यांना हाताला धरून व्यासपीठावर घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी घरी डग्लस वारले.

त्याच साली मॅडिसन स्ट्रीटच्या घरी आयडा बी. वेल्स पाहुण्या म्हणून येतात. झुंडबळींविरुद्ध लेखणी उचललेल्या काळ्या पत्रकार. तुम्ही त्या घरात पुन्हा आहात, तेवीस वर्षांनी. कामासाठी माझी लघुलेखिका वापरा, असं सुझनबाई सांगून जातात. परतल्यावर बघतात तर वेल्सबाई हातानंच पत्रं लिहिताहेत. लघुलेखिका म्हणते, तुम्ही त्यांना बरोबरीचं माना, पण काळ्या बाईनं सांगितलेलं मी उतरवून घेणार नाही. सुझनबाई तिला त्याच क्षणी कामावरून जायला सांगतात. मग अटलांटाची गोष्ट निघते. मी चुकले असं तुम्हाला वाटतं का? होय, असं वेल्सबाई स्पष्ट सांगतात. मताधिकारासाठी तुम्ही काही मिळवलंही असेल, पण त्या गोऱ्या बायकांच्या मनातला भेद तुम्ही पक्का केलात. वेल्सबाईंचं म्हणणं किती खरं होतं ते पुढं दिसलं. घटनेनं हक्क दिल्यावरही दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदानाचा कर लावून १९६५च्या कायद्यापर्यंत बाहेर ठेवलं गेलं.

१३ मार्च १९०६ला, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, याच घरात सुझनबाई गेल्या. तोवर चार राज्यांत बायका मत देत होत्या: वायोमिंग, कोलोराडो, युटा, आयडाहो. न्यूयॉर्क त्यांत नव्हतं. १८७८मध्ये मांडलेली ती दुरुस्ती एकोणिसावी म्हणून, जवळपास त्याच शब्दांत, १८ ऑगस्ट १९२०ला टेनेसीच्या मंजुरीनं पक्की झाली.

आता परत या, पण वाटेत १८ ऑगस्ट २०२० इथं क्षणभर थांबा. शताब्दीच्या दिवशी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प सुझन अँथनी यांना त्या १८७३च्या गुन्ह्याबद्दल मरणोत्तर माफी जाहीर करतात. मॅडिसन स्ट्रीटवरचं ते घर आज वस्तुसंग्रहालय आहे. ते चालवणाऱ्यांचं उत्तर लगेच येतं: माफी नको. दंड भरणं म्हणजे तो खटला खरा मानणं, आणि माफी घेणं म्हणजेही तेच. १०० डॉलर आणि खटल्याचा खर्च आजवर कुणी भरलेला नाही.